फॉर्ममध्ये गाय कुठे आहे?

पुस्तकांची परीक्षणे होतात, नाटकांची होतात, पाठ्यपुस्तकांवर तर वादही झडतात. सरकारी फॉर्मचे परीक्षण मात्र कुणी करीत नाही. फॉर्म म्हणजे भरायचा, सही करायची आणि वर पाठवून द्यायचा कागद, एवढीच त्याची ओळख. वास्तविक फॉर्म हेही एक लेखनच असते. ते तयार करणाऱ्याने काय विचारण्याजोगे मानले आणि काय मानले नाही, हे त्याच्या रकान्यांतून स्वच्छ दिसते. म्हणून या लेखात आम्ही एका फॉर्मचे परीक्षण करणार आहोत.

हा फॉर्म आहे एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाचा. हा कार्यक्रम देशात २००४ साली सुरू झाला. साथ पसरल्यावर धावपळ करण्यापेक्षा तिची चाहूल आधीच लागावी, हा त्याचा हेतू. त्यासाठी दर आठवड्याला तीन प्रकारचे कागद गावातून जिल्ह्याकडे जात. आरोग्यसेविका केवळ लक्षणे पाहून भरी तो एस फॉर्म, डॉक्टर आपल्या अंदाजाने निदान करून भरी तो पी फॉर्म आणि प्रयोगशाळा खात्री करून भरी तो एल फॉर्म. २०२१ पासून ही माहिती संगणकावर आणि प्रत्येक रुग्णागणिक भरण्याची पद्धत आली. तरी एस, पी आणि एल ही मांडणी कायम राहिली. आम्ही येथे मूळचा कागदी फॉर्म समोर ठेवला आहे, कारण पुढच्या सगळ्या इमारतीचा पाया तोच आहे.

फॉर्म हवेत वाचता येत नाही, तो कुठेतरी बसून वाचावा लागतो. आम्ही तो इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्णे गावच्या परिसरात बसून वाचायचे ठरवले. बारामती आणि इंदापूर यांच्यामधला हा पट्टा. कालव्याचे पाणी, ऊस, उसाचे वाढे, आणि त्या चाऱ्यावर पोसलेल्या संकरित गाई. सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर कॅनची रांग. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या आपले बैल घेऊन येतात, आणि कोरडवाहू भागातले धनगर मेंढ्या घेऊन जातात-येतात. माणूस आणि जनावर इतके जवळ राहतात तिथे जनावराकडून माणसाकडे येणाऱ्या रोगांवर पाळत कशी ठेवली जाते, हा आमचा प्रश्न आहे.

रोग कोणता?

उदाहरणासाठी आपण ब्रुसेलोसिस घेऊ. पशुवैद्य त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. ब्रुसेला नावाचे जिवाणू गाभण गाईच्या गर्भाशयात वाढतात आणि पाचव्या महिन्यानंतर केव्हातरी गाय गाभडते. पुष्कळदा वार अडकते. पडलेला गर्भ, वार आणि स्राव यांत या जिवाणूंची अक्षरशः रेलचेल असते. ओलसर, सावलीच्या जागी ते कित्येक आठवडे टिकतात. इतर गाई ते चाटतात, त्यांवर पडलेले गवत खातात, आणि रोग गोठाभर होतो.

या रोगाची एक खोड ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बहुतेक गाई एकदाच गाभडतात. पुढच्या वेळी वासरू पूर्ण दिवसांचे होते, आणि मालक म्हणतो, ‘झाली बरी.’ ती बरी झालेली नसते. तिच्या दुधातून आणि विण्याच्या वेळच्या स्रावातून जिवाणू बाहेर पडतच राहतात.

माणसाला हा रोग दोन वाटांनी होतो. एक, न तापवलेल्या दुधातून. आपल्याकडे दूध उकळण्याची रीत आहे, आणि तिने आजवर किती लोकांना वाचवले असेल याची गणती नाही. ‘धारोष्ण दूध फार चांगले’ ही समजूत मात्र या बाबतीत घातक ठरते. दुसरी वाट हातांची. अडलेली वार ओढून काढणे, गाभडलेला गर्भ उचलून टाकणे, गोठा झाडणे ही कामे उघड्या हातांनी होतात. हातावर बारीकसारीक जखमा असतातच. या कामांत घरातल्या बायकांचा वाटा मोठा असतो. पशुवैद्य आणि त्यांचे मदतनीसही या वाटेवर उभे असतात.

मग काही आठवड्यांनी ताप येतो. तो चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. रात्री घाम फुटतो, कंबर आणि सांधे धरतात, अंगात त्राण राहत नाही. पुरुषांत कधी वृषणाला सूज येते. हा ताप सहसा जीव घेत नाही, पण माणसाला महिनोन्‌महिने कामातून उठवतो. योग्य निदान झाले तर सुमारे सहा आठवडे दोन प्रतिजैविके एकत्र घेऊन तो बरा होतो. निदान न झाल्यास कधी विषमज्वर म्हणून, कधी हिवताप म्हणून, तर कधी क्षय म्हणून उपचार होत राहतात. माणसाकडून माणसाला हा रोग जवळजवळ होतच नाही. म्हणजे माणूस हा या रोगाच्या प्रवासातला शेवटचा थांबा आहे.

फॉर्म काय विचारतो?

आता एस फॉर्म उघडू. पहिला विषय ताप. सात दिवसांपेक्षा कमी ताप असेल तर त्याचे चार उपप्रकार दिले आहेत: नुसता ताप, पुरळ असलेला, रक्तस्राव असलेला, आणि गुंगी किंवा बेशुद्धी असलेला. ही विभागणी चांगली आहे. गोवर, डेंगी, मेंदूज्वर यांची चाहूल तिच्यातून लागू शकते. शिकवायला सोपी, विसरायला अवघड. ती करणाऱ्याला श्रेय दिलेच पाहिजे.

त्यापुढे एक ओळ येते: सात दिवसांपेक्षा जास्त ताप. तिला मात्र एकही उपप्रकार नाही. थोड्या दिवसांच्या तापाला चार खोल्या आणि लांबलेल्या तापाला एक पडवी! विषमज्वर, क्षय, ब्रुसेलोसिस सगळे त्या एकाच पडवीत दाटीवाटीने बसतात. आणि आकडा जिल्ह्याला जातो तो फक्त ‘इतके जण’ एवढाच.

पी फॉर्म अधिक तपशिलाचा आहे. त्यात विषमज्वर आहे, लेप्टोस्पायरोसिस आहे, ‘कारण न कळलेला ताप’ अशीही एक ओळ आहे. जनावरे आहेत का? आहेत. श्वानदंश आणि सर्पदंश. या दोन ओळी वाचून आम्ही थांबलो. फॉर्मच्या जगात जनावराला प्रवेश आहे, पण तो चावण्याच्या क्षणापुरता. पाळलेली, दूध देणारी, रोज ज्यांच्या अंगावरून हात फिरतो ती जनावरे फॉर्ममध्ये नाहीत. ती माणसाला चावत नाहीत म्हणून त्यांच्यापासून काही होत नाही, असे जणू गृहीत धरले आहे.

कुणी म्हणेल, यादीत ब्रुसेलोसिसची एक ओळ घाला म्हणजे झाले. तेवढ्याने भागणार नाही. डॉक्टरच्या मनात तो रोग आला तरच तो त्या ओळीवर खूण करील, आणि मनात येण्यासाठी त्याने रुग्णाला गोठ्याविषयी विचारले पाहिजे. विचारण्याची सवय नसेल तर ओळ कोरीच राहते. आणि कोरी ओळ वर गेली की तिचा अर्थ ‘विचारले नाही’ असा लागत नाही, ‘रोग नाही’ असा लागतो. पाळतीच्या कामात यापेक्षा धोकादायक गोष्ट दुसरी नाही.

नावातही थोडी गफलत आहे. सर्वेक्षण म्हणजे एकदा जाऊन मोजून येणे. येथे अभिप्रेत आहे ती पाळत. रात्रभर गावात फिरणारा जागल्या सर्वेक्षण करीत नसे, तो रोजचे काय आणि आजचे वेगळे काय, हे ओळखत असे. आमचा आक्षेप शब्दापुरता नाही. हा जागल्या घराच्या पुढच्या दारावर उभा केला आहे आणि रोग मागच्या दाराने, गोठ्यातून येतो, हा खरा आक्षेप आहे.

माल्टाच्या शेळ्या

ही चूक जुनी आहे. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर इंग्रजांचे सैन्य होते आणि दरवर्षी शेकडो सैनिक एका लांबणाऱ्या तापाने आजारी पडत. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या सैन्यातल्या डॉक्टरने मृत सैनिकांच्या प्लीहेतून त्याचा जिवाणू वेगळा काढला. ब्रुसेला हे नाव त्याच्यावरूनच पडले. जिवाणू सापडला, पण तो येतो कुठून हे पुढची अठरा वर्षे कळले नाही. हवा, पाणी, धूळ, डास सगळ्यांवर संशय घेतला गेला. मोजणी चालू होती ती आजारी माणसांची.

१९०५ साली थेमिस्टोक्लिस झॅमिट या माल्टातल्याच डॉक्टरने शेळ्यांचे रक्त तपासले. शेळ्या धडधाकट होत्या, दूध उत्तम देत होत्या, कुणाला त्यांचा संशय यावा असे काहीच नव्हते. पण जवळजवळ निम्म्या शेळ्यांच्या रक्तात या जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडे निघाली, आणि साधारण दहातल्या एकीच्या दुधात खुद्द जिवाणूच निघाले. १९०६ साली सैन्याच्या आहारातून शेळीचे दूध काढून टाकले आणि सैनिकांमधला ताप झपाट्याने ओसरला.

येथवरची गोष्ट विज्ञानाच्या पुस्तकांतून सापडते. पुढची क्वचित सांगितली जाते. बेटावरच्या सामान्य लोकांत हा ताप त्यानंतरही कित्येक वर्षे चालूच राहिला. शेळीवाले दारोदार शेळ्या नेऊन गिऱ्हाईकासमोर दूध काढून देत. तो त्यांचा पोटापाण्याचा धंदा होता. सैन्य हुकूम काढून दूध बंद करू शकले, पण शेळीवाल्याने आपली शेळी रोगी आहे हे कबूल करून खायचे काय, याचे उत्तर कुणी दिले नव्हते. रोगाचा उगम कळला तरी पाळत यशस्वी होतेच असे नाही. खबर देणाऱ्याचे काय होते, यावरही ते अवलंबून असते.

माकड, कोंबडी आणि गाय

आपल्याकडच्या तीन उदाहरणांवरून हे अधिक स्पष्ट होईल.

१९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या लोकांना ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, त्याचा विषाणू शोधला. तो गोचिडांमार्फत पसरतो हेही कळले. तेव्हापासून मेलेले माकड ही धोक्याची खूण मानली जाते. २०१६ साली हा रोग सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात आला तेव्हा तिथेही माकडांच्या मृत्यूंवर लक्ष ठेवण्याचे काम सुरू झाले. म्हणजे जनावराकडे आधी पाहणारी पाळत आपल्याला करता येते. पण एक गोष्ट विसरू नये: माकडाला मालक नसतो. मेलेल्या माकडाची खबर देऊन कुणाचे नुकसान होत नाही.

२००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर येथे बर्ड फ्लू निघाला. भारतातला तो पहिलाच. कोंबड्या त्याआधीच मरू लागल्या होत्या आणि सुरुवातीला ती नेहमीची राणीखेत समजली गेली. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केल्यावर लाखो कोंबड्या मारून पुरल्या आणि मालकांना भरपाई दिली. माणसांत एकही रुग्ण सापडला नाही. येथे मालक होता, नुकसान होते, पण कोंबडी मारता येत होती आणि तिचा मोबदला ठरवता येत होता.

गाईचे तसे नाही. गाय हजारो रुपयांची आणि घराच्या रोजच्या उत्पन्नाची. महाराष्ट्रात गाय कापायला १९७६ च्या कायद्यानेच बंदी आहे, २०१५ मध्ये ती बैल आणि वळू यांनाही लागू झाली. त्यामुळे तपासून रोगी जनावर काढून टाकायचे, ही काही देशांनी वापरलेली पद्धत येथे लागू पडत नाही. मग ब्रुसेला निघालेल्या गाईचे करायचे काय? बाजूला बांधायला दुसरा गोठा नसतो. दूध कुणी घेईल का, ही धास्ती असते. सर्वांत सोपा मार्ग राहतो तो बाजाराचा. गाय विकली जाते, आणि रोग दुसऱ्या गोठ्यात जातो.

कायदा आहे. जनावरांच्या सांसर्गिक रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे अनुसूचीतल्या रोगाचा संशय आला तर मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचे असते, आणि गाईगुरांचा ब्रुसेलोसिस त्या अनुसूचीत आहे. पण कळवल्याने ज्याचे नुकसान होणार आणि न कळवल्याने ज्याचे काही अडत नाही, त्याच्याकडून कायदा खबरीची अपेक्षा करतो. शेतकरी अप्रामाणिक आहे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. व्यवस्थेने प्रामाणिकपणा महाग करून ठेवला आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

२०१९ पासून देशभर चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. एकदा टोचलेली लस आयुष्यभर पुरते. हे काम मोलाचे आहे. पण लस म्हणजे पाळत नव्हे. आज गोठ्यात उभ्या असलेल्या मोठ्या गाईंविषयी ती काहीच सांगत नाही. शिवाय ही लस जिवंत जिवाणूंची असल्यामुळे टोचणाऱ्याच्या हाताला सुई लागली तर त्यालाच रोग होऊ शकतो, आणि तो ताप पुन्हा त्या एका पडवीतच जाऊन बसतो.

मग काय करता येईल?

टीका करून थांबणे सोपे असते. आरोग्यसेविकेच्या डोक्यावर आधीच पुष्कळ कागद आहेत, तिला आणखी दहा रकाने देणे हा उपाय नव्हे. आमच्या मते दोन साध्या गोष्टींनी बराच फरक पडेल.

पहिली, सात दिवसांवरच्या तापाच्या ओळीला एक प्रश्न जोडावा: ‘घरात किंवा कामाच्या ठिकाणी गेल्या सहा महिन्यांत एखादे जनावर गाभडले का?’ उत्तर ‘हो’ आले म्हणजे ब्रुसेलोसिस झालाच असे नाही. मार, चारा, उष्णता, दुसरे जंतू अशी गाभडण्याची अनेक कारणे आहेत. पण रक्ताची कोणती तपासणी सांगायची, हे त्या एका उत्तराने ठरू शकते. हेच उत्तर पशुवैद्यकीय दवाखान्यालाही गेले पाहिजे. आज गाईच्या कानातल्या बिल्ल्यावर बारा आकडी क्रमांक असतो आणि तिची नोंद एका संगणकावर होते, तिच्या मालकिणीच्या तापाची नोंद दुसऱ्या. एकाच घरातले दोन आजार दोन खात्यांत जातात आणि त्यांची भेट होत नाही. माणूस, जनावर आणि परिसर यांचे आरोग्य एकत्र पाहणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची कोनशिला डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात बसवली गेली. विचार योग्य आहे. पण ही भेट नागपुरात होण्याआधी गावातल्या दोन दवाखान्यांमध्ये व्हायला हवी.

दुसरी गोष्ट दुधाची. संकलन केंद्रावर रोज फॅट लावतात. तिथेच अधूनमधून दुधाची कडे चाचणी करता येईल. निळ्या रंगाने रंगवलेले मृत ब्रुसेला जिवाणू दुधात मिसळून ते थोडा वेळ उबेत ठेवतात. दुधात प्रतिपिंडे असतील तर ती या जिवाणूंना एकमेकांशी चिकटवतात आणि ते गुच्छ स्निग्ध कणांबरोबर वर येतात. सायीच्या थरात निळे कडे दिसते. प्रतिपिंडे नसतील तर साय पांढरी राहते आणि निळेपणा खालच्या दुधात. चाचणी स्वस्त आहे. तिला मर्यादाही आहेत: चिकाच्या आणि कासदाह झालेल्या गाईच्या दुधात ती फसते, फार मोठ्या टाकीत प्रतिपिंडे विरळ होतात, शेळीच्या दुधासाठी ती भरवशाची नाही. पण तिचा खरा गुण आम्हाला वेगळाच वाटतो. ती अनेक गोठ्यांच्या एकत्र दुधावर करता येते. त्यामुळे सुरुवातीला कुणा एकाच्या गाईवर बोट ठेवले जात नाही. ‘या केंद्राच्या दुधात कडे आले’ असे म्हणता येते, आणि पुढची तपासणी, सल्ला व मदत सगळ्यांना मिळून देता येते. माल्टाच्या शेळीवाल्याला जी सोय कुणी दिली नाही, ती आपल्या शेतकऱ्याला देता येईल.

शिक्षकांसाठी

विज्ञानाच्या तासाला रोगांची यादी पाठ करून घेण्याऐवजी मुलांपुढे हा फॉर्मच ठेवावा. आपल्या गावातल्या आजारांपैकी कोणते यात बसतात, कोणते बसत नाहीत, आणि का? वर्गाने स्वतःचा फॉर्म तयार करावा. गोठा असलेल्या घरांतली मुले या बाबतीत शिक्षकांनाही चार गोष्टी सांगतील. गाभडलेला गर्भ उघड्यावर टाकला तर कुत्री तो कुठवर नेतात, वार काढताना हातमोजे का हवेत, पुरताना चुना का टाकावा, हे सारे या चर्चेत सहज येईल.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. कुणाच्या घरची गाय गाभडली, हे वर्गात नावानिशी विचारू नये आणि फळ्यावर लिहू नये. मुलाने भाबडेपणाने सांगितलेल्या एका वाक्यावरून त्या घरचे दूध नाकारले गेले, तर ते घर पुन्हा कधी खरे सांगणार नाही, आणि ते पाहणारी शेजारची चार घरेही सांगणार नाहीत. गावे किंवा वस्त्या मोजा, घरे नकोत. खबर देणाऱ्याला इजा न होऊ देणे हा पाळतीचा पहिला नियम आहे. फॉर्ममध्ये तो कुठेच छापलेला नाही. तो शाळेत शिकवता येईल.